मागच्या खोलीला रेंज नाही

१

इंटरनेट बंद पडलं की माणसं मला फोन करतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मी कशालाही हात लावलेला नाही.’ हात लावलेला असतोच. केबल सैल झालेली असते, पासवर्ड बदललेला असतो, नाहीतर वायफायचं बटण चुकून दाबलेलं असतं. मी जाते, बटण दाबते, वर दोन शब्द सुनावते आणि चहा पिऊन परत येते. इतकी वर्षं हाच माझा धंदा आहे. त्यात भुताखेताला जागा नाही, असं मी परवा दुपारपर्यंत छातीठोकपणे सांगितलं असतं.

परवा हेडसरांचा फोन आला. ‘लॅपटॉप वायफायला जोडला जातोय, पण पुढे जात नाही. मी सगळं तपासलंय. लगेच ये. आज उशीर चालणार नाही.’

हेडसर म्हणजे आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, आता निवृत्त. छडी त्यांनी कधी हातात धरली नाही आणि त्याचा त्यांना मोठा अभिमान. त्यांची शिक्षा एकच, अबोला. मी एकदा सभेत हसले म्हणून त्यांनी अख्खी सहामाही माझ्याशी बोलणं टाकलं होतं. मी काही विचारलं की ते माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघायचे. घरी जाऊन मी आरशात बघायची, आपण आहोत ना म्हणून. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि गेला असं सांगून मी उगाच मोठेपणा घेणार नाही.

तरी गेले. काम ते काम.

सरांचं घर लांबट आहे. पुढे बैठकीची खोली, मग अंधारा बोळ, बोळाच्या टोकाला मागची खोली. सरांची बायको मुलगी लहान असतानाच गेली. मागच्या खोलीत त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय राहायचे. भाऊ दोन वर्षांपूर्वी वारला. भावजय, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या काकू, अजून तिथेच राहतात आणि दोघांचा स्वयंपाक करतात.

सर इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसले होते. केस ओले करून विंचरलेले. मी आत गेले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते, पाठांतर केल्यासारखे.

‘मुलगी दिसणार आहे आज,’ ते म्हणाले. ‘तिला बाळ झालंय.’

मुलीची गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. तिनं स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं आणि धाकटे काका तिच्या बाजूनं उभे राहिले. सरांनी दोघांशीही बोलणं टाकलं. मुलगी परदेशात निघून गेली. भाऊ कुठे जाणार? तो त्याच घरात, त्याच बोळातून, सरांच्या अंगावरून ये-जा करत राहिला आणि सर भिंतीकडे बघत राहिले. तो वारला तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली होती, ‘बाबा, तुम्ही काकांना न बोलून मारलंत.’ त्यानंतर तिनंही तोंड फिरवलं.

‘ती म्हणालीये, एकदाच समोर येते,’ सर म्हणाले. ‘याही वेळी गप्प बसलात तर पुन्हा कधीच नाही.’ मग माझ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाले, ‘मी गप्प बसणार नाहीये. तू फक्त हे चालू करून दे.’

म्हातारा एवढासा झाला होता. मला त्याची दया आली, आणि दया आली याचा रागही आला.

२

लॅपटॉपच्या कोपऱ्यात वायफायची खूण पूर्ण भरलेली होती. खाली लिहिलेलं, जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

हा आजार जुना आहे. यंत्र राउटरपर्यंत पोचतं, पण राउटर त्याला दारातच बसवून ठेवतो. मी माझा फोन त्याच वायफायला जोडला. तो लगेच चालला. म्हणजे बाहेरची लाइन ठीक होती आणि राउटरही ठीक. खोट लॅपटॉपमध्येच.

लॅपटॉप बंद करून चालू केला. वायफाय विसरायला लावून नव्यानं जोडलं. लॅपटॉपवरून राउटरला हाका मारून पाहिल्या. म्हणजे यंत्र विचारतं, आहेस का, आणि राउटर म्हणतो, आहे. एकही उत्तर आलं नाही. राउटर सरांच्या डोक्यावरच्या फळीवर होता, पुसून लख्ख केलेला, दिवे छान लुकलुकत होते. केबल थेट लावून पाहिली. तरी तेच.

‘पालथ्या घड्यावर पाणी,’ मी म्हटलं आणि उजेड बरा मिळावा म्हणून लॅपटॉप उचलून खिडकीपाशी नेला.

तिथे तो चालला. सटासट चालला. सकाळपासून अडलेले सगळे निरोप धडाधड येऊन पडले. मी खुशीत परत आले, लॅपटॉप सरांच्या पुढ्यात ठेवला. सरांनी त्याच्यावर बोटं टेकवली. इंटरनेट नाही.

खिडकीपाशी नेला, चालला. सरांकडे आणला, बंद.

३

माणसाला एकदा आपल्या विद्येचा गर्व असला की तो सुटत नाही. मी मनातल्या मनात कारणं लावत बसले. टेबल लोखंडी असेल. टेबल लाकडी निघालं. सरांच्या हातात घड्याळ असेल. नव्हतं. मग मी एक पोरकट गोष्ट केली. माझा फोन चालू होता, तोच सरांच्या हातात दिला.

‘धरा जरा.’

त्यांनी धरला. चालत असलेलं पान अडकलं. वर वायफायची खूण भरलेलीच. मी फोन परत घेतला आणि पान पुढे सरकलं.

‘बॅटरी गेली असेल तुझी,’ सर म्हणाले.

‘सर, तुमच्या मोबाइलवरून मला फोन करा बघू. वायफाय नको, साधा.’

त्यांनी नंबर फिरवला. माझा फोन वाजला. मी उचलून कानाला लावला आणि सरांच्या समोरच, हातभर अंतरावर उभी राहिले. पडद्यावर सेकंद पळत होते. सर म्हणाले, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ माझ्या उघड्या कानाला ते स्पष्ट ऐकू आलं. फोन लावलेल्या कानात काही नव्हतं. खरखर नाही, श्वास नाही. बंद फोनलाही काहीतरी आवाज असतो हो, हे त्याहून रिकामं होतं. मी कान बदलला. आता उजव्या कानात सर होते आणि डावा कान ओसाड पडला.

‘बोल की,’ सर म्हणाले.

‘तुम्ही बोलत राहा.’

ते बोलत राहिले. शाळेत शिकवायचे तसे त्यांनी पाढे म्हणायला सुरुवात केली. मी फोन बंद करून खिशात टाकला. नेटवर्कची गडबड आहे, मी स्वतःला बजावलं. मोबाइलची वेगळी, वायफायची वेगळी, दोन्ही एकाच वेळी झाल्या, एवढंच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला असं चाललं होतं माझं, आणि ते मला कळतही होतं.

४

‘सर, खरं सांगा,’ मी म्हटलं. ‘राउटरमध्ये तुम्ही कुणाला अडवून ठेवलंय का? कधीतरी चुकून तुमचाच लॅपटॉप त्यात गेला असेल.’

सरांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. आपल्याला येतं ते दुसऱ्यानं विचारलं की मास्तरांचा चेहरा खुलतो.

‘अडवायचं मला येतं ना. पण ते मी चुकून करत नाही,’ ते म्हणाले. ‘धाकट्याचा फोन अडवायचो मी. सरळ वायफाय बंद केलं असतं तर त्याला कळलं असतं, भांडायला आला असता. मग मी युक्ती काढली. त्याचा फोन जोडलेला राहायचा. खूण पूर्ण भरलेली दिसायची. पण पुढे काही जायचं नाही. बस म्हटलं, टकटक करत. दोन दोन दिवस तो फोनच झटकत बसायचा.’ आणि ते हसले. ‘मागच्या खोलीला मोबाइलची रेंज नाहीच. त्या जाड भिंती. तिथून फोनही लागतो तो वायफायवरूनच. तेव्हा जरा चाप बसायचा त्याला.’

काकू चहाचे कप घेऊन बोळाच्या दारात उभ्या होत्या. त्या कधी आल्या होत्या कुणास ठाऊक. त्यांच्या हातातल्या बशा किणकिणायला लागल्या.

‘मोठे भाऊजी,’ त्या म्हणाल्या, ‘ते गेले त्या दिवशीही अडवलं होतं का?’

सर भिंतीकडे बघायला लागले.

‘मी दुकानात कामाला गेले होते,’ काकू मला सांगू लागल्या, जणू सर खोलीत नव्हतेच. ‘संध्याकाळी आले तर पलंगावर बसलेले होते. भिंतीला टेकून. फोन हातात. अंगठा असा पडद्यावर. मी तेव्हापासून एकच विचारत आले, फोन हातात होता तर मला का नाही केला? छातीत दुखत होतं, मग मला का नाही बोलावलं? मला वाटलं, शेवटी शेवटी माझ्यावर रागावले असतील. मरताना माझं तोंड बघायचं नव्हतं त्यांना.’

‘दुसऱ्या दिवशी मी काढून टाकलं ते,’ सर पुटपुटले. ‘माणूसच उरला नाही, मग...’

काकूंनी कप खाली ठेवले, अगदी हळू. चहा सांडू दिला नाही. मला ओरडावंसं वाटलं, कप भिंतीवर फोडावासा वाटला. दोन वर्षं ही बाई त्या माणसाला गरम पोळी वाढत होती.

५

मी तिथून लगेच निघून का गेले नाही, असं मला या दोन दिवसांत खूप जणांनी विचारलं. मी त्यांना सांगते, मागच्या खोलीत सरांनी वायफाय पोचावं म्हणून एक लहान डबा बसवला होता, तो तपासायचा राहिला होता. खरं म्हणजे मला त्या बैठकीच्या खोलीतून पळायचं होतं, आणि बाहेरच्या दाराच्या वाटेत सर बसले होते.

मागची खोली स्वच्छ होती. एक पलंग, एक कपाट, उंचावर जाळीची खिडकी. डबा पलंगाशेजारी भिंतीत लावलेला. मी वाकून तो उपटून काढला आणि तेवढ्यात मागून आवाज आला. फोन लागला नाही की उतरत्या सुरात तीन ठोके वाजतात ना, ते. मग क्षणभर शांतता. मग काचेवर नख आपटल्यासारखा टकटक आवाज, नंबर दाबल्यासारखा. परत ते तीन ठोके.

मी पलंगाकडे बघितलं. चादर ताणून घातलेली होती. उशी जागेवर. आवाज उशीच्या वरून, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवरून येत होता.

मी खिशातला फोन चाचपला. तो गप्प होता. शेजारच्या घरातला आवाज असेल, भिंतीतून येत असेल. जाड भिंती आहेत, सर म्हणालेच की. जाड भिंतीतून आवाज येत नाही, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा मी दारापर्यंत पोचले होते.

काकू बोळात उभ्या होत्या.

‘तुलाही ऐकू येतं?’ त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

‘मी झोपते त्या आवाजाच्या शेजारी,’ काकू म्हणाल्या. ‘रोज. मला वाटायचं, माझ्याच कानात बिघाड झालाय. आज कळलं, कुणाला फोन लावत असतात ते.’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या रडत होत्या असं मला म्हणता येणार नाही. त्यांचा चेहरा उजळला होता.

६

मुलीची वेळ झाली. मी सरांचा लॅपटॉप बाजूला सारला, माझा स्वतःचा पिशवीतून काढला आणि माझ्या मोबाइलच्या इंटरनेटला जोडला. या घराच्या वायफायशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. सरांना सांगितलं, ‘हात मांडीवर ठेवा. कशाला शिवू नका. फक्त बोला.’

‘बोलतो,’ ते म्हणाले. पोराटोरासारखे मांडीवर हात ठेवून बसले.

मुलगी दिसली. कुशीत गुंडाळलेलं बाळ. चित्र इतकं स्वच्छ होतं की बाळाच्या गालावरची लव दिसत होती. ती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत एकदम पाणी भरलं.

‘बाबा,’ ती म्हणाली.

आणि सर बोलले. मी शेजारी होते, मी शब्द न् शब्द ऐकला. ‘माझं चुकलं बाळा,’ ते म्हणाले. ‘मी तुझ्या काकाला मारलं. खरंच मारलं. तू म्हणालीस त्याहून वाईट पद्धतीनं मारलं.’ सांगताना ते रडत होते, नाक वाहत होतं, पुसायला हात उचलत नव्हते. मी या माणसावर आयुष्यभर रागावलेली, पण त्या घटकेला मलाही भडभडून आलं.

‘बाबा, मला तुम्ही दिसताय,’ मुलगी म्हणाली. ‘बोला ना काहीतरी.’

‘बोलतोय मी! बोलतोय!’

‘बाळाकडे तरी बघा. असं माझ्या डोक्यावरून का बघताय?’

मी मध्ये तोंड घातलं. ‘मी कॉम्प्युटर दुरुस्त करणारी आहे. तुमचे बाबा बोलतायत, तुम्हाला ऐकू येत नाहीये.’

‘तुमचं तर स्पष्ट ऐकू येतंय,’ ती म्हणाली. ‘आणि आवाजाचं जाऊ द्या. त्यांनी तोंडच उघडलेलं नाही. मला दिसतंय.’

तेव्हा मी पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत बघितलं, जिथे आपलं आपल्याला दिसतं. तिथे सर ताठ बसले होते. डोळे कोरडे. ओठ मिटलेले. नजर वर, भिंतीकडे. माझ्या शेजारी हाडामांसाचे सर हंबरडा फोडत होते आणि चौकटीतले सर पापणीही हलवत नव्हते. त्यांच्या हनुवटीखाली एक हात होता. मागून आलेला, जबडा खालून वर दाबून धरलेला. सरांचे दोन्ही हात मांडीवर होते.

मी मागे वळून बघितलं नाही. बघायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

‘काकू आहेत का तिथे?’ मुलीनं विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. ‘काकूंना बोलवा. मला फक्त काकू खरं सांगतील.’

७

काकू पुढे आल्या. पदराला हात पुसले आणि पडद्यासमोर वाकल्या.

‘काकू, तुम्हीच सांगा. बाबा बोलतायत का?’

सरांनी काकूंपुढे हात जोडले. ‘सांग तिला,’ ते म्हणाले. ‘धाकटे, तुझ्या पाया पडतो. एवढं एकदा सांग. मी बोलतोय म्हण.’ ते खुर्चीवरून घसरून गुडघ्यांवर आले, काकूंच्या पदराचं टोक मुठीत धरलं. चौकटीतले सर खुर्चीतच बसून राहिले.

काकू त्या चौकटीकडे बघत होत्या. त्या हाताकडे. बराच वेळ बघत राहिल्या, फार दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं तशा. अंगठ्यापासून मनगटापर्यंत त्यांची नजर सावकाश फिरली.

‘नाही गं,’ त्या म्हणाल्या. ‘गप्प बसलेत.’

मुलीनं बाळाच्या डोक्यावर ओठ टेकवले. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही तब्येतीला जपा, काकू. मी आता यांना परत फोन करणार नाही.’ पडदा काळा झाला.

सर काळ्या पडद्याला दोन्ही हातांनी धरून बोलत राहिले. काकूंनी पदर त्यांच्या मुठीतून सोडवून घेतला, गार झालेल्या चहाचे कप उचलले आणि बोळाकडे निघाल्या. दारात थांबून माझ्याकडे वळल्या.

‘मी खोटं बोलले असं वाटतंय का तुला?’ त्यांनी विचारलं. ‘तुला काही ऐकू येतंय का?’

मी सरांकडे बघितलं. ते माझ्यासमोर गुडघ्यांवर होते, गळ्याच्या शिरा ताठलेल्या, तोंड पूर्ण उघडं. माझ्याकडेच बघून काहीतरी सांगत होते. बोळातून काकूंच्या बांगड्या वाजल्या, बाहेर रस्त्यावर कुणी सायकलची घंटी वाजवली, ते सगळं मला नीट ऐकू आलं.

‘नाही,’ मी म्हटलं.